खापर बकऱ्यावर का?

संपादक महोदय,

चतुर्थी जवळ आली की घुमटाला, म्हणजे आमच्या गोव्यातल्या मातीच्या तालवाद्याला, पुन्हा घोरपडीचे चामडे वापरू द्या, अशी मागणी कानावर येतेच. मी डिचोली तालुक्यात घुमटे मढवतो. वडील मढवत तेव्हा घोरपडच असे. तो नाद मी ऐकलाय आणि तो सुरेख होता. पण १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपडीला अभय दिले, ते योग्यच झाले. त्यावर वाद नको.

आता आम्ही बकऱ्याचे चामडे लावतो. भाद्रपदातल्या दमट हवेत ते सैल पडते, आरत्यांच्या मधे हॅलोजनसमोर धरावे लागते, हे कबूल. पण नाद बसला की सगळे खापर त्या बकऱ्यावर! अहो, घुमट मुळात मडके आहे. मोठ्या तोंडावर चामडे, मागचे लहान तोंड उघडे. डाव्या तळव्याने ते झाकत-उघडत वाजवणारा जो घुमारा काढतो, तो मडक्याच्या पोटातल्या हवेचा. भिंत एकीकडे जाड, एकीकडे पातळ असेल किंवा भाजणीत कच्ची राहिली असेल, तर वर कसलेही चामडे ताणा, काय उपयोग?

वडील कुंभाराच्या अंगणात बसून टिचक्या मारत मडकी निवडत, नापसंत तिथेच ठेवत. कुंभार रागावत नसे. पुढच्या खेपेला काठ सुधारून देई. आता लोक शोभेचे घुमट विकत आणतात आणि मढवायला माझ्यापुढे ठेवतात. काठाखाली दोरी अडकायलाच जागा नसते!

२०१९ साली गोवा सरकारने घुमटाला राज्याचे वारसा वाद्य ठरवले. स्पर्धांत पथकांची नावे पुकारतात, महिला पथकेही दणक्यात वाजवतात (आमच्या वाड्यावरच्या मुलींची सुंवारी, म्हणजे घुमटांचे समूहवादन, पुरुषांपेक्षा ठाशीव असते, हे जाता जाता). मडके कोणी घडवले, हे मात्र कोणी विचारत नाही.

आयोजकांनी प्रवेशअर्जावर कुंभाराचेही नाव मागावे आणि निकालाच्या वेळी ते माइकवर वाचावे. कला व संस्कृती संचालनालयाला घुमटे हवी असतील तर त्यांनी ती थेट कुंभाराकडून घडवून घ्यावीत, आणि तीही उन्हाळ्यात सांगून. श्रावणात सांगितलेले मडके वाळत नाही. घाईने भाजले की तडकते, आणि तेच माझ्याकडे येते.

– एक घुमट मढवणारा, डिचोली