पाणमांजरानंतरचा राखणदार

संपादक महाशय,
रविवारच्या पुरवणीतला समुद्रातल्या केल्पच्या जंगलांवरचा लेख आवडला. नागपुरात समुद्र तसा फक्त भूगोलाच्या पुस्तकात, म्हणून जास्तच. पण थोडं लिहिल्याशिवाय राहवत नाही.

लेखात केल्पला ‘समुद्रातले वृक्ष’ म्हटलं आहे. दिसतं तसंच, पण ते तपकिरी शैवाल. त्याला मुळं नसतात. बुडाशी असते ती खडक धरून ठेवण्यापुरती पकड. अन्न शोषायचं काम पात्यांचं. हे सांगायचं कारण म्हणजे अर्चिन नावाचे काटेरी गोळे बुडाशीच कुरतडायला लागतात. पकड सुटली की ३०-४० मीटरचं केल्प अख्खंच्या अख्खं वाहून जातं.

अर्चिन खाऊन जंगल वाचवण्याचं सगळं श्रेय लेखकाने समुद्री पाणमांजराला दिलं. अलास्काच्या अल्यूशन बेटांपुरतं ते बरोबरच आहे. पण उत्तर कॅलिफोर्नियातली पाणमांजरं कातड्याच्या व्यापारापायी १९व्या शतकातच संपली होती. तरी तिथलं जंगल २०१३ पर्यंत उभं होतं! त्या राखणीत मोठा वाटा होता सूर्यफूल तारामाशाचा. वीसेक हातांचा, मीटरभर रुंद, अर्चिनवर ताव मारणारा. २०१३ मध्ये साथ आली आणि हे तारामासे अक्षरशः विरघळून गेले. पाठोपाठ २०१४-१६ची समुद्री उष्णतेची लाट. थंड पाण्यातल्या केल्पला ती कशी सोसणार? ३५० किलोमीटर किनाऱ्यावरचं ९० टक्क्यांहून अधिक केल्प गेलं.

तारामाशाचं नाव मात्र लेखात एकदाही नाही. आपल्याकडेही तेच. पेंचहून परतलेल्या पाहुण्यांना विचारा, ‘काहीच दिसलं नाही’ म्हणतील. वाटेत रानकुत्र्यांच्या टोळीने डोळ्यांदेखत चितळ पाडलेलं असतं, पण वाघ नाही ना दिसला!

आणखी एक. केल्प संपल्यावरही अर्चिन मरत नाहीत. आतून पोकळ होऊन वर्षानुवर्षं उघड्या खडकावर बसून राहतात. मध्य कॅलिफोर्नियात पाणमांजरं आहेत, पण तिथल्या मॉन्टरे उपसागरातली पाणमांजरंसुद्धा असले रिकामे अर्चिन टाळतात. त्यात खायला असतंच काय? हे ध्यानात घेतलं असतं, तर ‘पाणमांजरं तिथे आणून सोडा, जंगल परत येईल’ हे शेवटचं वाक्य लेखकाने इतक्या खात्रीने लिहिलं नसतं.

आपली,
एक निवृत्त जीवशास्त्र शिक्षिका
धरमपेठ, नागपूर