बॉक्स आणि बिल बघून बॅग घेऊ नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

माझं नौपाड्यात पर्स-बॅगा रिपेअरिंगचं छोटं दुकान आहे, चेन बदलणे, रनर टाकणे, हँडल शिवणे असली कामं, आणि हल्ली एक नवीनच प्रकारचं गिऱ्हाईक यायला लागलंय. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नाहीतर इन्स्टाग्रामवर कोणीतरी "प्रीलव्ड (म्हणजे वापरलेली), एकदम ओरिजिनल" म्हणून लुई व्हिटॉन या महागड्या फ्रेंच कंपनीची बॅग टाकलेली असते, घेणारीने तीस-पस्तीस हजार मोजलेले असतात, आणि थोड्याच दिवसात हँडलची कड उकलली म्हणून ती माझ्या काउंटरवर येते. शिलाई सोडून बघतो तर आत पुठ्ठा. आता हे तिला तोंडावर सांगायचं माझ्या जिवावर येतं, पण सांगतो.

स्टेशनबाहेर दोन हजाराला फर्स्ट कॉपी घेणारीला आपण काय घेतोय ते माहीत असतं. कायद्याने ते विकणंही गुन्हाच आहे, १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्यात त्याला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड आहे, पण निदान तिथे कोणी कोणाला फसवत नाही. खरा घोळ मधल्या भावात आहे. नवीन बॅग लाखाच्या वर, कॉपी दोन-तीन हजाराला, आणि तीस हजाराला सांगितली की आपल्याला वाटतं जुनी आहे म्हणून स्वस्त मिळतेय.

विचारलं की सगळ्यांचं उत्तर एकच, बॉक्स होता, कापडी पिशवी होती, बिल होतं, ऑथेंटिसिटी कार्डसुद्धा होतं. अहो, बॅगेपेक्षा बॉक्स आणि बिल बनवणं कितीतरी सोपं! आणि लुई व्हिटॉन असलं कार्ड बॅगेबरोबर देतच नाही, म्हणजे कार्ड दाखवलं की उलट सावध व्हायचं.

मग म्हणतात आत नंबर आहे. तो नंबर वाचायला शिका, अवघड नाहीये. २००७ पासूनच्या बॅगेत दोन अक्षरं आणि चार आकडे असतात, पहिला आणि तिसरा आकडा मिळून वर्षातला आठवडा, दुसरा आणि चौथा मिळून साल. म्हणजे ३१२८ असेल तर २०१८ चा बत्तिसावा आठवडा, बरोबर. पण ६१२८ असेल तर बासष्टावा आठवडा झाला, तो कुठल्या कॅलेंडरात असतो? अर्थात नकलीवाले बरोबर नंबरही टाकतात, त्यामुळे नंबर चुकला तर बॅग संपली, नंबर बरोबर निघाला म्हणून पास झाली असं नाही. आणि मार्च २०२१ पासून कंपनीने हे नंबर बंद करून आत चिप घालायला सुरुवात केली, तेव्हा "२०२३ ला दुबईहून घेतली" म्हणणारीच्या बॅगेत नंबर छापलेला असेल तर मुकाट्याने निघून यायचं. सोन्याच्या दागिन्यावरचा हॉलमार्कचा एचयूआयडी नंबर आपण बीआयएस केअर ॲपवर टाकून बघू शकतो, या चिपचं तसं नाही, ती कंपनीलाच कळते.

याच्या उलटही होतं हं. एक काकू अमेरिकेतल्या नणंदेने दिलेली लुई व्हिटॉनची स्पीडी मॉडेलची बॅग नकली समजून कोणाला तरी देऊन टाकायला निघाल्या होत्या. कारणं दोन, एका बाजूला कापडावरची अक्षरं उलटी आणि आत शिक्का मेड इन यूएसए. आपल्या ठाणे जिल्ह्यात यूएसए म्हटलं की उल्हासनगर सिंधी असोसिएशन, म्हणजे तिथल्या डुप्लिकेट मालाची जुनी थट्टा, त्यामुळे घरात सगळे हसले. पण या कंपनीचे कारखाने कॅलिफोर्निया आणि टेक्सासमध्ये खरंच आहेत, आणि स्पीडीला कॅनव्हासचा एकच सलग तुकडा खालून वळवून वर आणतात म्हणून एका बाजूला अक्षरं उलटी येणारच. बॅग अस्सल होती! तसंच कोच या अमेरिकन कंपनीच्या बॅगेवर व्हिएतनाम, कंबोडिया नाहीतर चायना लिहिलेलं बघून नाक मुरडू नका, त्यांचा बराच माल तिथेच बनतो.

मी स्वतः हँडल बघतो. लुई व्हिटॉनचं ते नक्षीचं कापड चामडं नसतंच, वरून प्लास्टिकचा लेप दिलेला कॅनव्हास असतो (लाखाची बॅग आणि रेक्झिन, असं आमचा कारागीर म्हणतो), पण त्या जुन्या मॉडेलांचं हँडल आणि कड रंग-लेप न दिलेल्या चामड्याची असते, ती नवीन असताना फिकट आणि हाताच्या तेलाने, उन्हाने मधासारखी गडद होत जाते. पाच वर्षं लोकलमध्ये वापरलेली म्हणता आणि हँडल पांढरंफटक, हे कसं जमेल? खरं चामडं काळवंडतं, तडकतं, पण त्याची पापडी सुटत नाही. मग टाके, दोन्ही टोकांना सारखेच आणि धागा कुठे लोंबत नाही. चेनवर वायकेके (चेन बनवणारी जपानी कंपनी) लिहिलंय यावर काही ठरवू नका, तो रनर माझ्याकडेही मिळतो. आणि आतला खिसा चिकट झालाय एवढ्यावरून नकली ठरवू नका, आपल्या दमट हवेत जुन्या अस्सल बॅगांचंही अस्तर चिकट होतं.

ऑनलाइन पैसे पाठवून फसला असाल तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, उशीर केला तर पैसे पुढे सरकतात. पण ओळखीतल्या बाईने घरातली एखादी बॅग विकली तर ग्राहक आयोगात जाणं कठीण, कारण ती दुकानदार नाही. म्हणून पैसे द्यायच्या आधीच "नकली निघाली तर पूर्ण पैसे परत" असं मेसेजवर लिहून घ्या, ग्रुप ॲडमिननीही हाच नियम करावा. आणि संपादक साहेब, आपल्या पेपरातही जुन्या वस्तूंच्या छोट्या जाहिराती येतात, त्यात ब्रँडेड बॅग असेल तर विकणाऱ्याकडून हीच एक ओळ लिहून घ्या, आणि जो का-कू करेल त्याची जाहिरात छापू नका ही विनंती.

आपला,
एक पर्स रिपेअरवाला, नौपाडा, ठाणे