मनू, त्या मोकळ्या शॉटबद्दल

प्रिय मनू,

काल फोन ठेवल्यापासून मला चैन नाहीये. तू सांगत होतीस की तुझ्यासमोरची डिफेंडर तुला सोडून सरळ बास्केटखाली जाऊन उभी राहिली, थ्री-पॉइंट लाइनवर तू एकटी, बॉल हातात, समोर कोणी नाही, आणि तू पास देऊन टाकलास. त्यावर मी काय बोलले, "मग मारायचा ना शॉट". तू एकदम गप्प झालीस, मग "चल आई ठेवते" म्हणालीस. बाळा, सॉरी. सगळं स्टँड जे ओरडत असतं तेच मी पण ओरडले, आणि तेही घरच्या फोनवरून. बोलताना माझं असं होतं, म्हणून लिहूनच पाठवतेय, वेळ मिळेल तेव्हा वाच.

मला रात्रभर रेव्हन जॉन्सन आठवत होती, आपल्या साउथ कॅरोलायना युनिव्हर्सिटीच्या टीमची गार्ड. इथे कोलंबियात, त्यांच्याच गावात राहून आपल्याला तिची गोष्ट काय सांगायची, तू तर तो टीमच्या रंगाचा गार्नेट टीशर्ट धुवायला पण देत नव्हतीस. पण तेव्हा तू ती मॅच बघत होतीस आणि मी तुझ्याकडे बघत होते, त्यामुळे मला जे दिसलं ते कदाचित वेगळं आहे.

३१ मार्च २०२३, डॅलस, कॉलेजच्या राष्ट्रीय स्पर्धेची सेमीफायनल. आपली टीम ३६-०, एकही मॅच हरलेली नाही, समोर आयोवा आणि त्यांची स्टार केटलिन क्लार्क. आयोवानं काय केलं तर सगळ्या पोरी आत पेंटमध्ये, म्हणजे बास्केटखालच्या चौकोनात गोळा केल्या, कारण आत आपली अलिया बॉस्टन, साडेसहा फुटाच्या आसपास उंच, तिला बॉल मिळू द्यायचा नाही हा प्लॅन. मग बाहेर कोणाला तरी सोडावं लागणारच, ते त्यांनी रेव्हनला सोडलं. क्लार्क तिच्यापासून लांब उभी राहिली आणि नुसता हात झटकला, जाऊ दे हिला म्हणून. हिने शूट केलं नाही. मॅच आपण ७७-७३ नं हरलो, क्लार्कचे ४१ पॉइंट, आणि दुसऱ्या दिवशी लोकांनी फोनवर फिरवला तो तेवढा हात झटकल्याचा व्हिडिओ. आख्ख्या देशानं बघितला. वीस-एकवीस वर्षाची पोर ती! नंतर तिनेच सांगितलं की बास्केटबॉल सोडून द्यावं असं वाटलं होतं. मला तेव्हा तिच्या आईचा विचार येत होता, की त्या बाईनं फोन कसा केला असेल, काय बोलली असेल. आता मला कळतंय की नक्की काय बोलायचं नसतं.

आणि तिचं त्याआधीचं पण बघ. अटलांटाहून मोठं नाव घेऊन आली, आणि पहिल्याच सीझनला सुरुवातीलाच गुडघा गेला. पूर्ण वर्ष बाहेर. टीम २०२२ ची चॅम्पियन झाली आणि ही बाजूला बसून टाळ्या वाजवतेय. दुसऱ्या वर्षी बेंचवरून यायची. म्हणजे ज्या रात्री तिच्याकडे बघून हात झटकला गेला ती तिची कॉलेजातली खेळायची पहिलीच पूर्ण सीझन होती, हे सगळे विसरतात. तू पण विसरतेस, तुझी तर आत्ता दुसरी सुरू झालीय.

मग त्या उन्हाळ्यात ती जिममध्ये गेली आणि शॉट मारत बसली. बास. एवढंच. टीममधले पाचही स्टार्टर गेले होते, पॉइंट गार्डची जागा हिला मिळाली, आणि तिने त्या सीझनला रिव्हेंज टूर असं नाव दिलं. थ्री-पॉइंटचा तिचा टक्का आधी २४ च्या आसपास होता तो ३५ वर गेला. तू म्हणशील ३५ म्हणजे काय ग्रेट, क्लार्क तर अर्ध्या कोर्टावरून मारते. हो ना, पण इथेच मला तुला थांबवायचंय. रेव्हन शूटर झाली नाही. पॉइंट्सची सरासरी आठच्या आसपासच होती तिची, असिस्ट, म्हणजे जिच्या पासवर दुसरी बास्केट करते ते, पाचच्या आसपास. ती आधी जशी होती तशीच राहिली, डिफेन्सवाली, बॉल पुढे नेणारी, पास देणारी, फक्त आता तिला मोकळं सोडलं तर महाग पडायला लागलं. इंडियानाबरोबरची मॅच आठव, २२ ची लीड दोनवर आली होती, बाबा उठून किचनमध्ये गेला होता बघवत नाही म्हणून, आणि जेमतेम मिनिटभर राहिलं असताना थ्री कोणी मारला? ७९-७५. तू सोफ्यावरून उडी मारलीस ती कॉफी टेबलवर, अजून तो ओरखडा आहे.

आणि फायनल. ७ एप्रिल २०२४, क्लीव्हलंड, समोर परत तीच आयोवा. आयोवा १०-० नं पुढे, पहिल्या क्वार्टरलाच क्लार्कचे १८. मला वाटलं संपलं. मग रेव्हन तिच्या मागे लागली ती लागलीच. मला बास्केटबॉलमधलं सगळं कळत नाही पण पाठलाग कळतो, सांगलीला नऊ वर्ष खो-खो खेळलेय मी. पळणारी हुलकावणी देते तेव्हा आपण तिच्या खांद्याकडे, डोळ्यांकडे बघायचं नसतं, कंबरेकडे बघायचं, कंबर खोटं बोलत नाही. रेव्हन तेच करत होती! स्क्रीन आला, म्हणजे क्लार्कची साथीदार वाटेत आडवी उभी राहिली, की तिच्या पुढून वळसा, परत समोर, परत अंगाशी, क्लार्कला श्वास घेऊ देत नव्हती. हाफटाइमच्या अगदी तोंडावर तिने क्लार्कच्या हातातूनच बॉल काढला आणि एकटी पळत जाऊन लेअप, ४९-४६. ज्या मुलीनं हात झटकला होता तिच्याच हातातून. मी टीव्हीसमोर उभी राहून रडत होते, तुला वाटलं जिंकतोय म्हणून.

क्लार्कला नंतरच्या तीन क्वार्टरमध्ये मिळून १२ मिळाले, २८ शॉटपैकी १० च गेले. ८७-७५, आणि सीझन ३८-०. आणि मनू, त्या फायनलमध्ये रेव्हनचे स्वतःचे पॉइंट अगदी थोडे होते, शॉट तर चुकतच होते तिचे. पण मारत होती, चुकला की परत डिफेन्सला पळत होती. कोच डॉन स्टेलीनं तिला खाली बसवलं नाही. स्टेली स्वतः पाच फूट सहा इंचाची पॉइंट गार्ड, ऑलिंपिकची तीन गोल्ड, तिला माहितीये की गार्ड काय काय करते जे स्कोअरबोर्डवर येत नाही.

तुझ्या कोचनं तुला सांगितलं ना, की टीममध्ये तुझ्यासारखी ऑन-बॉल डिफेन्स, म्हणजे बॉल असलेल्या मुलीला अडवणं, कोणाची नाही. ते तू मला किती पटकन सांगून टाकलंस, एका वाक्यात, आणि त्या एका न मारलेल्या शॉटवर वीस मिनिटं बोललीस. मला ते उलटं ऐकायचं होतं गं. तुला डिफेंडर सोडून जाते त्याचा राग येऊ दे, मला पण आलाय, पण तो प्लॅन आहे, कोणाला तरी सोडावंच लागतं आणि सध्या त्यांचा हिशोब असा आहे की तुला सोडावं. तो हिशोब बदलायचा आहे, तुला बदलायचं नाहीये. तुला दर मॅचला वीस पॉइंट मारायची काही गरज नाही, ती दुसरीच कोणीतरी मुलगी होईल, मला माझीच हवीये, समोरचीच्या अंगाला चिकटून राहणारी, लहानपणी सोसायटीच्या पार्किंगमध्ये मोठ्या मुलांच्या हातातून बॉल काढून पळणारी.

पण मोकळा शॉट मात्र मारायचा. चुकला तर चुकला. माझ्याकडून तरी परत कधी "का नाही मारलास" किंवा "का चुकला" ऐकायला येणार नाही, शब्द आहे.

बाबाशी बोलले, शनिवारी आम्ही गाडीनं निघतोय, पाच तास लागतील, दुपारपर्यंत पोचू. चकली केलीय, लोणचं पण आणतेय, छोटी बरणी, रूममेटला तिखट चालत नाही म्हणालीस म्हणून तिच्यासाठी शंकरपाळे. जिम उघडी असेल तर चावी घेऊन ठेव. शॉट मारणाऱ्याला बॉल परत फेकायला खाली कोणीतरी लागतं, तू सारखी पळत जाऊन आणतेस त्यात अर्धा वेळ जातो. मी उभी राहते बास्केटखाली. दोनशे मार, पाचशे मार, माझे हात अजून मजबूत आहेत.

तुझी,
आई