गुरुवारच्या ऑपरेशनआधी, आई-बाबांसाठी

ठाणे, रविवार रात्र

ती. आई-बाबांना सा. नमस्कार,

परवा फोनवर आईचा आवाज चढला, तो काही उगाच नव्हता. पावसाळ्यात दादाच्या अथूला जुलाब-उलट्यांसाठी ॲडमिट केलं तेव्हा चार वेळा टोचलं, रात्रभर हात सुजून राहिला, आणि सकाळी दहाला ‘आज सोडतो’ म्हणून सांगून संध्याकाळी पाचपर्यंत बसवून ठेवलं. यातलं निम्मं टाळता आलं असतं. उरलेलं टळत नाही, पण ते का होतं एवढं जरी कुणी सांगितलं असतं तरी तुमचा जीव असा टांगणीला लागला नसता. आता गुरुवारी त्याचं जांघेतल्या हर्नियाचं ऑपरेशन आहे, वहिनीजवळ तान्ही आहे, म्हणजे वॉर्डात जास्त वेळ तुम्हीच असणार. फोनवर तुटक तुटक सांगण्यापेक्षा सगळं लिहून काढते. निवांत वाचा आणि हे कागद हॉस्पिटलच्या पिशवीतच ठेवा.

आधी आईच्या मनात आहे ते. ‘एवढ्याशा पोराला कापायचं कशाला, शेजारच्या बाळाची बेंबी तर आपोआप बसली.’ बेंबीचा हर्निया पुष्कळदा आपोआप बसतो, हे खरं. जांघेतला बसत नाही. मुलगा आईच्या पोटात असताना अंडकोष वरून खाली उतरतो, त्या वाटेवर एक पातळ पिशवी तयार होते आणि ती जन्माच्या सुमारास बुजायची असते. अथूची बुजली नाही. म्हणून तो रडला, खोकला, शीला बसून कुंथला की आतडं त्या वाटेने खाली येतं आणि फुगवटा दिसतो. पट्ट्याने, तेलाने, औषधाने ही वाट बंद होत नाही. आणि थांबण्यात धोका आहे, कारण आतडं कधी तिथेच अडकून बसेल ते सांगता येत नाही. गुरुवारपर्यंत फुगवटा कडक झाला, लाल दिसला, हात लावू देईना आणि उलट्या सुरू झाल्या, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी थेट हॉस्पिटल गाठायचं. घरी दाबून आत ढकलायला जाऊ नका.

आता उपाशी ठेवण्याचं. मला सगळ्यात जास्त काळजी याचीच आहे, कारण इथे आजी-आजोबांच्या मायेनेच घोटाळा होतो. भूल दिल्यावर गिळण्याचं आणि खोकण्याचं भान जातं. पोटात अन्न असेल तर ते वर येऊन फुप्फुसात उतरू शकतं. म्हणून जेवण, बिस्किट, खीर, पेज आणि दूध हे सगळं ऑपरेशनच्या ६ तास आधी बंद. दूध पातळ दिसतं, पण पोटात गेल्यावर त्याचं दही होतं, त्यामुळे ते जेवणातच धरायचं. (आईचं अंगावरचं दूध ४ तास आधीपर्यंत चालतं, पण अथूचं ते सुटलंय.) साधं पाणी किंवा साखरपाणी मात्र २ तास आधीपर्यंत देता येतं. काही ठिकाणी आता १ तासापर्यंतही देतात.

आणि हॉस्पिटलात बहुतेकदा चुकतं ते इथेच. सगळ्या पेशंटांना सरसकट ‘रात्री बारानंतर काही नाही’ असं सांगून मोकळे होतात. मग मुलाचा नंबर लागतो दुपारी एकला, आणि तेरा तास पाण्याचा थेंबही पोटात नसतो. पोर रडून रडून बेजार होतं, शिरा आक्रसतात, सुई लागत नाही. म्हणून बुधवारी संध्याकाळी भूल देणारे डॉक्टर तपासायला येतील तेव्हा दोनच गोष्टी विचारा: ‘यादीत याचा नंबर कितवा?’ आणि ‘पाणी किती वाजेपर्यंत देऊ?’ उत्तर आलं की ती वेळ वहीत लिहून त्यांना वाचून दाखवा. लहान मुलांना शक्यतो सकाळी पहिल्या नंबरला घेतात. तसं नसेल तर ‘पहिला घेता येईल का’ असं विचारायला काहीच हरकत नाही. सकाळी यादी पुढे ढकलली गेली, तर गप्प बसू नका. सिस्टरला सांगा, ‘नंबर लांबलाय, पाणी द्यायचं का हे भुलेच्या डॉक्टरांना विचारून सांगता?’ ते हो म्हणाले तरच द्या.

यात तुमच्या हातून काही चुकलंच, म्हणजे त्याने कुणाच्या तरी डब्यातलं बिस्किट उचलून खाल्लं, तर लपवू नका. ओरडा बसेल, ऑपरेशन काही तास पुढे जाईल, बस. लपवलं तर त्याची किंमत अथूला मोजावी लागेल. बाबा, त्याच्यासमोर चहासुद्धा पिऊ नका, बाहेर जाऊन प्या.

बुधवारी त्याला ताप आला, छातीत घरघर वाटली किंवा कफाचा खोकला लागला, तर निघण्याआधीच फोन करून कळवा. सर्दी-खोकल्यात श्वासनलिका चिडलेली असते आणि भुलेत ती आवळते, म्हणून ऑपरेशन २ ते ४ आठवडे पुढे ढकलतात. नुसतं नाकातून पाणी गळत असेल तर डॉक्टर तपासून ठरवतील. पुढे ढकललं म्हणून ‘टाळाटाळ करतात’ असं वाटून घेऊ नका, तो निर्णय अथूच्याच भल्याचा असतो.

सह्यांचं दादाला वेगळं सांगितलं आहे. संमतीपत्रावर आई किंवा वडिलांचीच सही मागतात, आजोबांची चालेल असं धरून चालू नका. ‘कुठली बाजू’ हे त्या कागदावर शब्दांत लिहिलेलं असायला हवं. अथूची उजवी. ऑपरेशन थिएटरमध्ये नेण्याआधी सर्जन पेनाने खूण करतात. खूण दिसली नाही तर विचारा.

सुईबद्दल. मागच्या वेळी चार टोचण्यांमध्ये कुणाचा निष्काळजीपणा होताच असं नाही. जुलाब-उलट्यांनी अंगातलं पाणी गेलं की शिरा चपट्या होतात आणि अनुभवी हातालाही सापडत नाहीत. पण एकाच माणसाने दोनदा प्रयत्न केल्यावर थांबून दुसऱ्याला बोलवायचं, ही चांगली रीत आहे. तुम्ही शांतपणे म्हणा, ‘दोनदा झालं, आता दुसऱ्या सिस्टरना किंवा डॉक्टरांना बोलवाल का?’ या वेळी आणखी दोन वाटा आहेत. एक म्हणजे सुन्न करणारं मलम. ते हाताच्या पाठीवर जाडसर लावून वर प्लास्टिकची पट्टी चिकटवतात, पण त्याला तासभर लागतो, म्हणून आधीच मागायला हवं. दुसरी, काही ठिकाणी मुलाला आधी मास्कने गॅस देऊन झोपवतात आणि मगच सुई लावतात. यातलं काय करणार ते बुधवारीच विचारून ठेवा. सुई उजव्या हाताला नको म्हणून सांगा, तो उजव्याने खातो.

रात्री हात सुजला होता तो सलाइन शिरेबाहेर, कातडीखाली जात होतं म्हणून. सुई लहान, शीर नाजूक आणि मूल हात आपटणारं, त्यामुळे असं वरचेवर होतं. ते होण्यात गुन्हा नाही, पण सकाळपर्यंत तसंच चालू ठेवण्यात आहे. ओळखायचं कसं? दर तासाला दोन्ही हात शेजारी शेजारी ठेवून बघा. सुईचा हात दुसऱ्यापेक्षा गार, ताणलेला, फिकट किंवा चकचकीत वाटला, बोटांवरच्या सुरकुत्या दिसेनाशा झाल्या, किंवा औषध सोडताना तो किंचाळला, तर लगेच सिस्टर. ‘पट्टी सोडून बघा’ असं स्पष्ट म्हणा, कारण पट्टी आणि हात सरळ ठेवायला बांधलेल्या फळकुटाखाली सूज झाकली जाते. ‘बघते थोड्या वेळाने’ असं उत्तर आलं, तर निदान सलाइन तेवढं बंद करून जायला सांगा.

बाबा, तुम्हाला घड्याळ लावून थेंब मोजायला आवडतं, म्हणून हे तुमच्यासाठी. मुलांना सलाइन वजनावर देतात. पहिल्या १० किलोला तासाला किलोमागे ४ मिली, पुढच्या १० किलोपर्यंत किलोमागे २ मिली. अथू १४ किलोचा, म्हणजे ४० अधिक ८, तासाला ४८ मिली. मुलांच्या सेटमध्ये बाटलीखाली खुणा असलेली एक नळकांडी असते, आणि त्या सेटचे ६० थेंब म्हणजे १ मिली. त्यामुळे तासाला जितके मिली, तितकेच मिनिटाला थेंब. मिनिटाला ४८ पडले तर वेग बरोबर. डॉक्टर काही कारणाने कमी-जास्त ठेवतात, म्हणून आधी ‘तासाला किती लावलंय’ हे विचारून घ्या. फरक वाटला तर बोलवा. नळीवरचं वेग कमी-जास्त करणारं पांढरं चाक मात्र स्वतः फिरवायचं नाही.

थिएटरमधून बाहेर आणल्यावर जे होईल त्याची मनाची तयारी ठेवा. भुलेतून जागी होताना बरीच लहान मुलं वीस-तीस मिनिटं बेभान रडतात. लाथा झाडतात, सुई उपटायला जातात, डोळे उघडे असूनही आईला ओळखत नाहीत. बघणाऱ्याच्या पोटात खड्डा पडतो, आणि ‘याला काहीतरी झालंय’ असं वाटून मोठी माणसंच रडायला लागतात. तो मेंदू अर्धवट जागा असल्याचा परिणाम असतो. तो आपोआप शमतो आणि मुलाला पुढे त्याची आठवणही राहत नाही. गदागदा हलवू नका, चार जणांनी हाका मारू नका. एकानेच जवळ घ्यावं, सुईचा हात धरून ठेवावा, खोलीतला दिवा मंद करावा. आई, तू त्याला अंगाईच्या वेळी पाठीवर थोपटतेस ना, तेवढंच कर. अर्ध्या तासानंतरही तसाच राहिला, ओठ निळसर दिसले किंवा श्वास अडखळला तर मात्र ताबडतोब बोलवा.

बहुतेक ठिकाणी झोपेतच माकडहाडाजवळ एक इंजेक्शन देतात, त्याने कमरेखाली चार ते सहा तास दुखत नाही. तेवढ्या वेळात पाय लुळे वाटले तर घाबरू नका, आणि त्याला एकट्याला उभं करू नका. खरं दुखणं त्यानंतर संध्याकाळी सुरू होतं. ‘आता तर खेळतोय’ म्हणून दुखण्याचं औषध चुकवलं की रात्री आठला रडारड होते आणि मग ते आवरायला वेळ लागतो. दुखायच्या आधीच औषध द्यायचं. पॅरासिटामॉल किलोमागे १५ मिलिग्रॅम, म्हणजे त्याला साधारण २१० मिलिग्रॅम, दर ६ तासांनी, दिवसात चारच वेळा. बाटली बघून घ्या. ५ मिलीत २५० लिहिलं असेल तर ४.२ मिली, ५ मिलीत १२० असेल तर पावणेनऊ मिली. बाळाच्या थेंबांची बाटली आणखी वेगळी, तिच्यात १ मिलीतच १०० मिलिग्रॅम असतं. ती वहिनीच्या कपाटात आहे, ती या पिशवीत येऊच देऊ नका. चमच्याने नको, सुई नसलेल्या सिरिंजने मोजा. आणि थिएटरमध्ये शौचाच्या जागी गोळी ठेवतात तीही बहुधा पॅरासिटामॉलचीच असते, म्हणून ‘शेवटचा डोस किती वाजता दिला’ हे विचारल्याशिवाय पहिला डोस देऊ नका.

प्रश्न कुणाला विचारायचा, यावर बरंच अवलंबून असतं. ड्यूटी बदलते साधारण सकाळी ८, दुपारी २ आणि रात्री ८ वाजता. त्या अर्ध्या तासात सिस्टर एकमेकींना पेशंट समजावून देत असतात. तेव्हा विचारलेलं हवेत जातं, आणि चूकही तेव्हाच होते. तातडीचं नसेल तर अर्धा तास थांबा. आजाराचं डॉक्टरांना राउंडला विचारा, औषधाच्या वेळेचं सिस्टरला, पैशाचं बिलिंगला. वहीत रोज वेळ, ताप, किती वेळा शी-शू झाली, कुठलं औषध दिलं आणि कोण काय म्हणालं ते लिहा. वही हातात असली की डॉक्टर खुर्ची ओढून बोलतात.

विम्याचं. पॉलिसी घेतल्यावर दोन वर्षं होईपर्यंत ज्यांचा खर्च मिळत नाही, अशा आजारांच्या यादीत बहुतेक पॉलिसींमध्ये हर्निया असतो. दादाने पॉलिसीची तारीख आणि ती यादी उद्याच बघावी. ‘लक्षणं कधीपासून’ या रकान्यात रेसिडेंट डॉक्टर घाईत ‘जन्मापासून’ असं लिहून टाकतात आणि दावा तिथेच अडकतो. फुगवटा पहिल्यांदा दिसला तो चैत्रात, तेच खरं आहे आणि तेच लिहिलं जायला हवं. खोलीचं भाडं पॉलिसीतल्या मर्यादेबाहेर गेलं तर नुसता भाड्यातला फरक भरून सुटका होईलच असं नाही, काही पॉलिसींत डॉक्टरांच्या फीसारखे इतर खर्चही त्या प्रमाणात कापतात. म्हणून खोली घेण्याआधी मर्यादा बघा.

डिस्चार्जच्या दिवशी वेळ जातो तो असा: डॉक्टर ‘जाऊ दे’ म्हणाले की समरी (काय उपचार झाले आणि पुढे काय करायचं त्याचा कागद) टाइप होते, उरलेली औषधं फार्मसीत परत जातात, बिल बंद होतं, मग ते विमा कंपनीकडे जातं आणि तिथून मंजुरी येते. विमा नियामकाने २०२४ मध्ये ठरवून दिलंय की ही शेवटची मंजुरी ३ तासांत यायला हवी, आणि उशिरामुळे हॉस्पिटलने जादा आकार लावला तर तो विमा कंपनीने सोसायचा. म्हणून बिल कंपनीकडे किती वाजता पाठवलं, ती वेळ विचारून वहीत लिहा. ती वेळ माहीत असेल तर तीन तासांनंतर दादाला कंपनीत फोन करून ठामपणे बोलता येईल. औषधं हॉस्पिटलच्याच दुकानातून घेतली पाहिजेत असं नाही, तो तुमचा हक्क रुग्णहक्क सनदेत आहे. ही सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावणं महाराष्ट्रात २०२१ च्या नियमांनी बंधनकारक आहे, आत शिरतानाच भिंतीवर बघून ठेवा. निघताना समरीत नाव, बाजू, औषधाचे मिली आणि पुन्हा दाखवायची तारीख वाचल्याशिवाय जागा सोडू नका.

घरी आल्यावर जांघेत थोडी सूज आणि निळसरपणा राहील, तो उतरतो. रक्त येत राहिलं, ताप चढला, जखमेतून पू आला किंवा आठ तासांत शू झाली नाही, तर परत न्या.

पिशवीत त्याची निळी गोधडी, दोन सैल चड्ड्या, सिरिंज, वही आणि जुनी फाइल ठेवा. बुधवारी भुलेचे डॉक्टर भेटून गेले की मला फोन करा, माझी ड्यूटी आठला संपते.

तुमची,
सुमी