जवळच्या माणसाकडे कागद कसे मागायचे?

महोदय,
दर २६ जुलैला आमच्या सोसायटीत माझा मित्र कारगिलच्या आठवणी सांगतो. मुलं त्याच्या पाया पडतात. बारा वर्षांत मला कधी शंका आली नाही.

गेल्या महिन्यात माझे मेहुणे, निवृत्त सुभेदार, त्याला भेटले. ‘मी महार रेजिमेंटचा, ट्रेनिंग बेळगावला झालं,’ असं तो म्हणाला. मेहुणे गप्प राहिले. घरी आल्यावर म्हणाले, ‘बेळगावचं केंद्र मराठा लाइट इन्फंट्रीचं. महारचं मध्य प्रदेशात, सागरला.’ रंगरूट म्हणून जिथे घाम गाळला ते गाव कुणी विसरतं का? चूक माझ्या मित्राचीच असेल असं अजूनही मन मानत नाही.

माजी सैनिकाकडे डिस्चार्ज बुक असतं, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचं ओळखपत्र असतं. सत्काराआधी मंडळांनी ते जरूर पाहावं. कारगिलमध्ये ५२७ जवान गेले. त्यांच्या घरच्यांसाठी एवढं तरी करायला हवं. मी मात्र रविवारी एकटाच त्याच्याकडे जाणार आहे. चारचौघांत विचारणार नाही.

– एक वाचक, सातारा