एस्टीमचा पंप बदलायच्या आधी

प्रिय बाळ्या,

तुझ्या एस्टीमचा, म्हणजे त्या जुन्या मारुतीचा, टाकीतला पेट्रोलचा पंप बदलायला गॅरेजवाला सांगतोय हा तुझा मेसेज वाचला, पण उत्तर मोठं होतंय म्हणून सरळ पत्रच लिहितोय. आधी एक सांग, गॅरेजवाल्याने पंप बदलायचं कशावरून ठरवलं? पेट्रोलचं प्रेशर मोजायचं गेज लावलं होतं का? नसेल तर पैसे देऊ नकोस. जुन्या एमपीएफआय (इंजेक्टरवाल्या) गाडीत पेट्रोलची तक्रार आली की निम्मे लोक डोळे झाकून पंपच बदलतात.

तू जे सांगतोयस ना, त्या मला दोन वेगळ्या तक्रारी वाटतात. सकाळी लांब सेल्फ मारावा लागतो म्हणजे रात्रभरात लाइनमधलं प्रेशर उतरतंय. आणि आंबा घाटात एसी लावून चढताना झटके मारते म्हणजे लोडवर पेट्रोल पुरत नाहीये. कारण एकच असेल असं नाही, एकातून दुसरं काढायला जाऊ नकोस.

सकाळचं आधी, कारण ते फुकटात कळतं. चावी ऑन केलीस की मागच्या सीटखालून दोन-तीन सेकंद पंपाची घरघर ऐकू येते. बंद कर, परत ऑन कर, असं तीन-चारदा करून मग सेल्फ मार. लगेच पकडली तर प्रेशर टिकत नाहीये हे नक्की. मग रेग्युलेटरची, म्हणजे पेट्रोलचं प्रेशर मापात ठेवणाऱ्या भागाची, इंजिनकडून येणारी व्हॅक्यूमची बारीक नळी काढून बघ, तिच्यात पेट्रोल किंवा वास आला तर आतला पडदा फाटलाय, पंपाचा काही संबंध नाही.

आता गेज. पेट्रोलचं काम आहे, मोकळ्यात कर, सिगारेटवाल्या तुझ्या मेव्हण्याला लांब ठेव, आणि पाइप सोडायच्या आधी पंपाचा रिले काढून इंजिन बंद पडेपर्यंत चालव. एस्टीमच्या १.३ इंजिनला पंप चालू, इंजिन बंद असताना २.७ ते ३.१ किलो (दर चौरस सेंटिमीटरला) हवं, आयडलला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन नुसतं चालू असताना, २.१ ते २.६, आणि बंद केल्यावर एक मिनिटाने २ च्या वर. आयडलला व्हॅक्यूमची नळी काढलीस की काटा वर जायलाच पाहिजे, नाही गेला तर रेग्युलेटरवर संशय घे. इंजिन बंद केल्यावर काटा पडत असेल तर बंद केल्या केल्या रिटर्नचा (टाकीत परत जाणारा) रबरी पाइप कापड गुंडाळून चिमट्यात दाब. थांबला तर रेग्युलेटर. नाही थांबला तर पंपाकडून येणारा पाइप चिमट्यात धर, आता थांबला तर पंपातला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पेट्रोल मागे जाऊ न देणारी झडप. दोन्हीने नाही थांबला तर एखादा इंजेक्टर गळतोय. पाइप कडक झालेला असेल तर मात्र दाबू नकोस, तडकला की नवीनच लफडं.

घाटाचं निदान गॅरेजात उभ्या उभ्या होत नाही, हे कोणी सांगत नाही. गेज लांब पाइपने बाहेर घेऊन काचेला टेपने चिकटव आणि चढावर घे, काटा शेजारी बसलेला वाचेल, तू रस्त्याकडे बघ. फुल अॅक्सिलरेटरला व्हॅक्यूम जातो, म्हणजे प्रेशर ३ च्या आसपास वाढायला हवं. उलट पडत असेल तर पेट्रोल पोचत नाहीये, आणि त्याला पंप एकटा जबाबदार नसतो. फिल्टर चोक असेल, टाकीतल्या जाळीत गंज अडकला असेल, किंवा पंपाला करंटच कमी मिळत असेल. पंप चालू असताना त्याच्या कनेक्टरवरच व्होल्टेज मोज. इंजिन चालू असताना बॅटरीवर १४ आणि पंपावर ११ दिसले तर रिले, कनेक्टर नाहीतर अर्थिंग साफ कर, नवा पंप टाकलास तरी तोही रडेल. आणि प्रेशर पडत नसतानाही झटके येत असतील तर पेट्रोल सोड, प्लग, कॉइल बघायला सांग.

आणि हो, टाकी कायम रिझर्व्हवर ठेवायची तुझी सवय, पंप पेट्रोलात बुडूनच गार राहतो रे. शिवाय आता पेट्रोल भरायला गेलास की ई२० मिळतं, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, जुन्या रबराला ते मानवत नाही, इथेनॉल पाणीही ओढतं, त्यामुळे पाइप बदलायचे असतील तर इथेनॉल चालणारेच माग.

आकडे लिहून पाठव, आयडलचा, नळी काढल्यावरचा आणि घाटातला. वहिनींना नमस्कार, काकांना सांग गाडी विकायची नाहीये.

तुझाच,
पक्या