जेलीफिशच्या सावलीतली पिल्लं

प्रति,
संपादक

महोदय,

आपल्या गेल्या आठवड्याच्या पुरवणीत जेलीफिशच्या धाग्यांमध्ये राहणाऱ्या माशावर लेख आला. छायाचित्र अप्रतिम होतं. मजकूर मी तीनदा वाचला आणि पत्र लिहायला बसलो, कारण त्यात दोन गोष्टी फार सहज लिहून टाकल्या आहेत. एक म्हणजे या माशाची आणि जेलीफिशची ‘मैत्री’ असते. दुसरी, शेजारच्या चौकटीतली, की जेलीफिशचे थवे यंत्रांनी कापून काढणं ही मच्छीमारांसाठी आनंदाची बातमी आहे. या दोन्ही गोष्टी एकाच पानावर शेजारी शेजारी छापल्या गेल्या आणि त्यांचा एकमेकींशी काय संबंध आहे, हे कुणाच्या लक्षात आलं नाही, याचं मला खरोखर वाईट वाटलं.

मी मालवाहू जहाजांवर इंजिन खात्यात नोकरी केली. एकदा भर महासागरात दुरुस्तीसाठी आमचं इंजिन अर्धा दिवस बंद ठेवावं लागलं. वारा पडलेला, पाणी तेलासारखं शांत. काम आटोपून वर आलो तर जहाजाच्या कडेला निळसर जांभळे फुगे तरंगत होते. त्यातला एक अगदी शिडीजवळ आला होता. त्याच्या खाली बोटभर लांबीचे चार-पाच मासे होते. चंदेरी अंग, त्यावर गडद निळे पट्टे, पोटाखालचे पर काळेभोर आणि अंगाच्या मानाने मोठे. ज्या धाग्यांना हात लागला तर माणूस कळवळतो, त्या धाग्यांच्या मधून ते वळत होते, थांबत होते, पुन्हा वळत होते. मी जेवायला जायचं विसरलो. पुढे किती तरी वर्षं त्या माशाबद्दल जे मिळेल ते वाचत राहिलो.

तो मासा म्हणजे मॅन-ऑफ-वॉर फिश, शास्त्रीय नाव नोमियस ग्रोनोव्ही. 1789 मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन झालं. तो ज्याच्या खाली राहतो तो निळा फुगा म्हणजे फिझेलिया, ज्याला ब्लू बॉटल किंवा पोर्तुगीज मॅन ऑफ वॉर म्हणतात. आपण छायाचित्राखाली त्याला जेलीफिश म्हटलं आहे. बोलीभाषेत ते चालेल, पण फिझेलिया हा एक जीव नाही, अनेक छोट्या जीवांची ती वसाहत आहे. कुणी तरंगायचं काम करतो, कुणी शिकार पकडायचं, कुणी पचवायचं. धागे साधारण 10 मीटर, कधी 30 मीटरपर्यंतही लांब जातात.

आता मैत्रीबद्दल. समुद्रफुलात, म्हणजे दंश करणाऱ्या फुलासारख्या दिसणाऱ्या समुद्री प्राण्यात, राहणाऱ्या क्लाउनफिश माशाच्या अंगावर बुळबुळीत थर असतो आणि त्यामुळे दंशपेशी त्याच्यावर सुटत नाहीत. नोमियसचं तसं नाही. त्याला दंश होऊ शकतो, विष भिनू शकतं, फिझेलियाने त्याला पकडून खाल्ल्याचंही पाहिलं गेलं आहे. इतर माशांपेक्षा त्याचं शरीर ते विष कितीतरी पटींनी जास्त सहन करतं हे खरं, पण त्याची मुख्य भिस्त चपळाईवर आहे. धाग्याला अंग लागूच द्यायचं नाही, यावर तो जगतो. शिवाय ज्याच्या आसऱ्याला तो राहतो, त्याचेच धागे तो कुरतडून खातो. याला मैत्री म्हणणं म्हणजे त्या इवल्याशा जिवाच्या क्षणाक्षणाच्या सावधपणाचा अपमान आहे, असं मला वाटतं.

आणि हा आसरा लहानपणापुरताच असतो. नोमियस वाढला की पट्टे जातात, रंग गडद होतो आणि तो खोल पाण्यात उतरत असावा, असं अभ्यासक मानतात. त्याच्या मागे कुणी जाळं घेऊन जात नाही. पण त्याचे नातलग मात्र जगभर पकडले जातात. ज्या मोठ्या गटात तो मोडतो, त्याच गटात आपलं पापलेटही येतं. या गटातल्या जवळजवळ सगळ्या माशांच्या घशात, कल्ल्यांच्या मागे, दातेरी पिशव्या असतात. जेलीफिशसारखं मऊ, बहुतांश पाणीच असलेलं अन्न दळून काढायला त्या उपयोगी पडतात. गटातल्या अनेक जातींची पिल्लं जेलीफिशखाली वाढतात. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचा बटरफिश घ्या किंवा ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडकडचा ब्लू वारेहू.

ब्लू वारेहूची गोष्ट थोडी सविस्तर सांगायला हवी. पिल्लं खुल्या पाण्यात जेलीफिशच्या छत्रीखाली असतात. मोठे झालेले मासे थवे करून तळाजवळ जातात आणि तिथे ट्रॉल (बोटीमागे ओढायच्या) व गिलनेट (पाण्यात उभ्या लावायच्या) जाळ्यांत सापडतात. आग्नेय ऑस्ट्रेलियात त्यांची इतकी मासेमारी झाली की 1999 पासून त्यांचा साठा अतिमासेमारी झालेल्यांमध्ये मोजला जाऊ लागला. 2008 मध्ये साठा पुन्हा वाढवण्याची योजना आली. मुद्दाम ब्लू वारेहू धरायला बंदी झाली, दुसऱ्या माशांबरोबर चुकून येईल तेवढाच ठरावीक मर्यादेत ठेवायचा असं ठरलं. तरीही 2015 मध्ये त्याला संवर्धनावर अवलंबून असलेल्या जातींच्या यादीत घालावं लागलं. कोटा कमी केला की मासा परत येतो, असं आपण धरून चालतो. तो मोठा होईपर्यंत कुठे कुठे राहतो हेही पाहायला हवं, असं मी कळवळून सांगतो आहे ते याच कारणाने.

हे फक्त एका गटाचं नाही. युरोपजवळच्या उत्तर समुद्रात व्हायटिंग आणि हॅडॉक या खाण्याच्या माशांची पिल्लं सायनिया नावाच्या मोठ्या जेलीफिशखाली फिरतात. व्हायटिंगच्या बाबतीत तर, जेलीफिश जास्त असलेल्या वर्षी पिल्लं जास्त तगल्याचे संकेतही अभ्यासकांना मिळाले आहेत. हॉर्स मॅकरेल नावाच्या माशाची पिल्लंही हेच करतात. उघड्या समुद्रात लपायला ना खडक असतो ना गवत. पाण्यात काही तरंगतंय म्हणजे खाली आसरा आहे, एवढंच त्या पिल्लांना कळतं. याच ओढीचा फायदा घेऊन टूनाच्या मोठ्या बोटी तराफे सोडतात आणि त्यांच्याखाली जमलेल्या थव्यांना वेढा जाळं घालतात. त्यात टूनाची कोवळी पिल्लंही ओढली जातात. आसरा शोधण्याची जी सवय पिल्लाला जगवते, तीच तिथे त्याला जाळ्यात नेते.

मच्छीमारांचं दुःख मला कळत नाही असं नाही. नोमुरा जातीची जेलीफिश 2 मीटर रुंद आणि 200 किलोपर्यंत भरते. नोव्हेंबर 2009 मध्ये जपानजवळ 10 टनांची एक बोट अशा जेलीफिशनी भरलेलं जाळं ओढताना उलटली होती. तिघेही खलाशी वाचले. असं जाळं हाताने रिकामं करणाऱ्या माणसाला पिल्लांचं कौतुक सांगणं सोपं नाही. जाळं फाटतं, धरलेला मासा चेंगरून खराब होतो, हातांची आग होते. दक्षिण कोरियात 2013 मध्ये जेलीफिश कापत जाणारे तरंगते रोबोट बनवले गेले, तेही हौसेने नव्हे. वीज केंद्रांची पाणी ओढणारी तोंडं बुजतात तिथे काही तरी करावंच लागतं.

पण भर समुद्रात, जिथे कुणाचं जाळं नाही आणि कुणाचा नळ नाही, तिथेही थवा दिसला की कापून टाका, हा सूर आपल्या चौकटीत होता. कापणाऱ्या पात्याला छत्री आणि तिच्याखालचं बोटभर पिल्लू यांतला फरक कळत नाही. चौकटीत किती टन जेलीफिश काढली त्याचा आकडा ठळक छापला होता. त्या टनांबरोबर किती पिल्लं गेली आणि ती कोणत्या जातींची होती, याचा एकही आकडा नव्हता. तो कुणी मोजला नसेल, तर तेही लिहायला हवं होतं.

माझ्या आपल्याकडे दोन मागण्या आहेत. छायाचित्राखालच्या ओळीची दुरुस्ती छापावी. आणि चौकट लिहिणाऱ्या वार्ताहरांनी अशी मोहीम राबवणाऱ्यांना पुन्हा गाठून एवढंच विचारावं, की यंत्र चालवण्याआधी थव्याखाली जाळी टाकून कुणी पाहतं का, आणि पाहत असेल तर त्या जाळीत काय येतं.

आपला,
एक निवृत्त जहाज अभियंता